चढवून सांगणारी मावशी

“आधी पाणी द्या. कोरड्या नरड्यानं रडता येत न्हाई,” असं म्हणत ती सुतकाच्या घरात शिरायची. पदर कमरेला खोचायची, मांडी घालायची आणि मग जो हेल काढायची, तो ऐकून रस्त्यावरचे लोक थांबत. अशी एखादी बाई तुमच्याही गावात असेल.

राजूरला आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. सगळे तिला मावशी म्हणायचे. गेल्या वर्षी ती गेली.

मी जालन्याला कॉलेजात साहित्य शिकवते. महाकाव्यात आधी वंदन, मग नायकाचं कूळ, मग पराक्रम. विलापिकेत मृताचे गुण, दैवाला जाब आणि शेवटी सांत्वन. मावशीचं रडणंही याच क्रमानं चालायचं. हे तिला सांगितलं, तर म्हणाली, “बराबर हाय की. मोठ्यानं रडायलाही वळण लागतं.”

एका महाचिक्कू म्हाताऱ्याला तिनं “कर्णावानी दाता” म्हटलं, तेव्हा त्याच्या बायकोनं रडणं थांबवून वर पाहिलं. मावशी चुकून दुसऱ्याच्या घरी आली की काय, असं तिला वाटलं असावं.

“इतकं खोटं कशाला, मावशी?” मी नंतर विचारलं.

“शाहीर राजाचं घोडं आभाळातून उडवतो ते चालतं. मंग आपल्या माणसाचा बैल थोडा उडवला तर काय बिघडलं?”

तीन वर्षांपूर्वी माझा भाऊ शेतातच छातीत कळ येऊन गेला. वहिनी रडली नाही. बोलली नाही, जेवली नाही. चार दिवस भिंतीकडे बघत बसली. डॉक्टर म्हणाले, “त्यांना काहीही करून रडवा.” आम्ही सगळे घाबरून गेलो होतो.

पहिल्या दिवशी मावशी रडून गेली होती. वहिनी हलली नव्हती. पाचव्या दिवशी मावशी पुन्हा आली. पाणी प्यायली, वहिनीच्या समोर बसली आणि सुरू झाली. आमचं घराणं झालं, भावानं खोदलेली विहीर झाली. मग म्हणाली, “कधी आवाज चढवला न्हाई गं माझ्या लेकरानं, कधी बायकोच्या भाजीला नाव ठेवलं न्हाई...”

“ठेवायचे की,” वहिनी म्हणाली.

चार दिवसांनंतरचे तिचे हे पहिले शब्द.

“न्हाई माय. लई शांत व्हतं ते.”

“कशाचे शांत? ताट ढकलून दिल्तं! मीठ कमी म्हणून! दोन दिवस बोलले न्हाई मी त्यांच्यासंगं... अन् ते तसेच गेले, मावशी. तसेच गेले!”

आणि वहिनी फुटली. मावशीनं हेल तिथंच सोडला. वहिनीचं डोकं मांडीवर घेतलं आणि नुसती थोपटत राहिली. “रागावलेली बायको घरचीच असते गं. त्याला म्हाईत व्हतं,” एवढंच ती हळू आवाजात म्हणाली.

नंतर मी विचारलं, “तुम्हाला त्या भांडणाचं ठाऊक होतं?”

“भिंत एकच हाय आपली. ताट पडल्याचं ऐकल्तं मी.”

दुपारी वहिनीनं स्वतःहून भाकरी मागितली. अर्धीच खाल्ली, पण खाल्ली. मी चुलीपाशीच बसकण मारली.

मावशी ओसरीत भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून झोपली होती. तिच्या चेहऱ्यावर दारातून ऊन आलं होतं. वहिनी उठली, हात धुतले आणि आवाज न करता दाराचं एक कवाड पुढे ओढलं.