मावसाजींनी पापड ठरवलेला लॅपटॉप

माझ्या मावशीच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या मावसाजींनी, या जगातली एकही वस्तू पहिल्या खेपेला पास केलेली नाही. फॅक्टरीत तीस वर्षं ते माल तपासायच्या खात्यात होते. निवृत्त झाले तरी त्यांची तपासणी थांबली नाही. कुकर घ्यायचा तर झाकण पन्नास वेळा लावून-काढून बघणार. पंखा घेतला तेव्हा दुकानातच तो तासभर चालवून त्याखाली झोपले होते. शेजारच्या लग्नात मांडववाल्याच्या सगळ्या खुर्च्यांवर एकेकदा बसून आले, तोवर वरात दारात ताटकळत उभी. नियम एकच: "जेवढं लागते, त्याच्या दुप्पट झेपलं पाहिजे." मावशी म्हणते, "मला कसं पास केलं, देव जाणे."

हे सगळं मी हसत ऐकायची, माझी पाळी येईपर्यंत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबांचं शिवणकामाचं दुकान. लॅपटॉपमधलं त्यांना काही कळत नाही, म्हणून त्यांनी मला मावसाजींच्या हवाली केलं. खरं तर महिनाभर चौकशी करून, कागदावर लिहून मी एक साधा लॅपटॉप ठरवला होता. अभ्यासाला तो पुरतो असं सरांनीही सांगितलं होतं. अधारतालच्या दुकानात मावसाजींनी तो एका हातावर तोलला, बोटांनी ठोकला आणि जाहीर केलं, "हा लॅपटॉप नाही, पापड आहे." मग शेजारचा महागडा, विटेसारखा जड लॅपटॉप उचलला आणि त्यांचा चेहरा उजळला. दुकानदार म्हणाला, "अंकलजी, ये तो गेमिंगवाला है." "तो क्या हुआ? मजबूत है ना?" मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा उत्तर तेच, "तू थांब बेटा, हे मोठ्यांचं काम आहे." लॅपटॉप मी वापरणार, आणि काम मोठ्यांचं! सगळ्या गिऱ्हाइकांसमोर माझे कान तापले.

त्यांनी तिथूनच बाबांना फोन लावला, तोही स्पीकरवर. "भाऊ, मोठाच घ्या. साधा टिकत नसते." बाबा म्हणाले, "तुम्ही म्हणता तर बरोबरच असेल. दुकानातली दुसरी मशीन विकून टाकतो."

ती मशीन आई चालवते.

"मावसाजी, हा फेल आहे," मी म्हणाले.

"काहून?"

"याची बॅटरी दोन-अडीच तासांत संपते. वर्गात प्लग नाही. तिलवाऱ्याहून मी रोज बसमध्ये उभी राहून येते, ही वीट खांद्याला लावून कशी येऊ? आणि आईची मशीन जाईल. फेल."

"कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाही. मी तपासलं."

मावसाजींनी माझा कागद मागितला, चष्मा वर-खाली करत शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि तो जड लॅपटॉप जागेवर ठेवला. फोन अजून चालूच होता. "भाऊ," ते हळू म्हणाले, "मशीन राहू द्या."

तो साधा लॅपटॉप दोन वर्षं बिनतक्रार चालतो आहे. पण त्या दिवसाचा माझा राग काही गेला नाही, आणि आता त्यात एक नवा मिसळला आहे. गेल्या महिन्यात मावशीला मिक्सर घ्यायचा होता, तर मावसाजींचा मला फोन. "तू येऊन पाहून दे बेटा, तुला जास्त समजते." दुकानात ते हात मागे बांधून, पाहुण्यासारखे उभे राहिले. मी मिक्सर पाहिला, चांगला होता. तरी मी खोटंच म्हणाले, "भांडं जरा हलकं वाटते, नाही?" त्यांनी तो हिसकून घ्यावा, उलटा करावा, दुकानदाराशी भांडावं, मला गप्प बसवावं, एवढंच मला हवं होतं.

मावसाजींनी मान हलवली. "असं? मग भैया, दुसरा दाखव."