पुढच्या गाडीतला नवरा

अर्धं आयुष्य शहराची बस चालवलेल्या माणसाला सायकलींसाठी रस्ता बघायला बसवलं की काय होतं, ते त्या आठवड्यात सगळ्या संघाने पाहिलं. बायकांची मोठी शर्यत तोंडावर आली होती. रोज एक टप्पा, असे बरेच टप्पे. चढ कुठे संपतो, वळण कुठे एकदम आवळतं, खडी कुठे पसरलीय, हे मुली आधीच फिरून बघत होत्या. संघाची ऐपत बेताची, पगारी ड्रायव्हर परवडणारा नव्हता. म्हणून संघातल्या थोरलीचा नवरा रजा टाकून हौसेने आला होता. सगळ्या त्याला भावोजी म्हणत.

भावोजींचं काम तसं सोपं. गाडी सायकलींच्या पुढे ठेवायची आणि वळणापलीकडे काय आहे ते रेडिओवरून सांगायचं. ट्रक येतोय, कडेने या. रस्ता मोकळा आहे, बिनधास्त या. पण ‘मोकळा’ हा शब्द भावोजींच्या तोंडून काही केल्या निघेना. ‘सावकाश’, ‘जपून’, ‘जरा दमानं’ हेच मुलींच्या कानात दिवसभर वाजत राही. उभ्या प्रवाशांना सांभाळत ब्रेक दाबायची सवय लागलेला पाय तो! साधा खड्डा दिसला तरी मागे अख्खी बस भरलेली आहे असं त्यांना वाटे.

“अहो, तुमच्या नादाने मी उतारावरही पायीच येईन एक दिवस,” बायको जेवताना म्हणाली. टेबलाभोवती हशा पिकला. भावोजीही हसले, पण हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला. मागच्या वर्षी अशाच एका उतारावर ती पडली होती आणि खांद्याजवळचं हाड मोडून घेतलं होतं. हात वर जात नव्हता तोवर तिचे केस रोज यांनीच विंचरले होते. ती विव्हळली की कंगवा यांच्याच हातातून गळून पडायचा.

शेवटचा टप्पा बघायच्या दिवशी घाटमाथ्यावर कोचबाई गाडीत त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. वयाने लहान, पण बोलायला एकदम रोखठोक.

“भावोजी, स्पष्टच सांगते. चढावर ती सगळ्यांना भारी आहे. उतारावर मात्र हात राखून येते. आज तशीच आली, तर शर्यतीला तिच्या जागी मी दुसरी घेणार.”

“तिला सांगितलंत हे?”

“तिला ठाऊक आहे. तुम्हालाच नव्हतं.”

भावोजींचा चेहरा उतरला. आठवडाभर तिचे ब्रेक आपणच दाबत होतो, हे त्यांना कळून चुकलं आणि स्वतःचाच भयंकर राग आला. भीती आपली आणि शिक्षा तिला, हा कुठला न्याय?

गाडी निघाली. पहिलं वळण घेऊन त्यांनी समोर नीट पाहिलं. जीभ सवयीने ‘साव’पर्यंत गेलीच होती, त्यांनी ती चावली.

“मोकळा आहे,” ते म्हणाले. आवाज चिरकला. “सगळा रस्ता तुझा. ये.”

पुढे एक टेम्पो दिसला, तोही त्यांनी सांगितला. तो गेल्यावर लगेच, “गेला. ये.” भावोजींना आरशात बघायचा धीर होत नव्हता. प्रत्येक वळणाला जीव मुठीत धरून ते खरं तेवढंच बोलत होते.

शेवटचं वळण संपलं. खाली गावापर्यंत सरळ, रिकामा रस्ता लख्ख दिसत होता. तेवढ्यात रेडिओ खरखरला.

“अहो, बाजूला घ्या की! तुम्हीच आडवे येताय!”

त्यांनी दचकून आरशात पाहिलं. ती अगदी मागे येऊन ठेपली होती. त्यांनी गाडी कडेला घेतली. ती हँडलवर वाकून झपकन निघून गेली, यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

भावोजी स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले.

“शर्यतीला तुम्ही नसाल हं तिच्या पुढे,” कोचबाई म्हणाल्या.

“म्हणजे... घेतलीत?”

“डोळे पुसा आणि गाडी काढा. गावात पोहोचली असेल ती.”