फोंडाघाट ते मालवण, एका ‘गो’साठी

सायकलने मालवणला जायचं म्हणजे निदान घरून सायकलवर निघायला हवं, अशी माझी भाबडी समजूत होती. आम्ही पुण्याहून निघालो ते भाड्याच्या गाडीत बसून, सायकली मागे बांधून. दाजीपूरला, फोंडाघाटाच्या अगदी माथ्यावर, उतरलो आणि बॅगांसकट गाडी पुढे मालवणला धाडून दिली. माझा नवरा दिलीप याला ‘स्वतःच्या पायांवरचा प्रवास’ म्हणतो. पाय तेवढे स्वतःचे, बाकी सगळा संसार एसी गाडीत.

दिलीप मूळचा सोलापूरकडचा. लहानपणी डोंगर वाट्याला आला नाही त्याचा राग म्हणून की काय, पन्नाशीत त्याने दिसेल तो डोंगर चढायचं मनावर घेतलं आहे. सायकलवर बसला की त्याच्यातला नवरा उतरतो आणि प्रशिक्षक चढतो. जरा चढ आला की मागे वळून माझ्यावर ओरडतो, “गो, गो, गो!” हे गो इंग्रजीतलं.

मला हवं होतं ते गो दुसरं. माझी आई कसालच्या आतल्या एका गावातली. लग्न होऊन पुण्यात आली, चाळीसेक वर्षं राहिली, पण घरात मालवणीच बोलली. “जेवलंस गो?” “खंय गेल्लंस गो?” हे ऐकतच मी मोठी झाले. गो म्हणजे बाईमाणसाला मारलेली घरची हाक. पुण्यात ‘अगं’ म्हणतात, पण ‘अगं’ म्हणणारी माणसं बहुतेक वेळा काहीतरी सुचवायला आलेली असतात. आई गेल्यापासून मला कोणी गो म्हटलेलं नाही, आणि ते न ऐकून मला घरात एकटं वाटतं. आईच्या मुलखात गो रस्त्यावर पडलेलं असणार, जाऊन एकदा ऐकून यावं, एवढाच माझा बेत होता. दिलीपला मी सांगितलं होतं, घाट संपला की माझी माणसं सुरू होतात, तिथे तू गप्प बसायचं.

घाट उतरताना बोलायची सोयच नव्हती. जानेवारीतलं धुकं, दोन्ही बाजूंना गच्च रान, वळणावळणावर हॉर्न देत वर येणारे ट्रक. ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली. खाली फोंड्याच्या बाजारात पोचलो तेव्हा चमचाही धरता येईना.

हॉटेलात शिरले आणि आईचा आवाज काढून मालकाला म्हटलं, “माका एक च्या व्हयो.”

मालकाने माझं हेल्मेट पाहिलं, काळा चष्मा पाहिला, अंगाला चिकटलेली विजार पाहिली आणि नजर सभ्यपणे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली. “बसा मॅडम. साखर चालेल ना आपल्याला?” आणि लगेच मागे वळून आचाऱ्याला म्हणाला, “दोन च्या घाल रे, आणि घावणे आसत काय बघ.” घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) होते, उत्तम होते. पण ते ‘आसत’ आचाऱ्यासाठी होतं. मला मात्र ‘आपल्याला’वर भागवावं लागलं.

कणकवलीपासून कसालपर्यंत महामार्ग. तो इतका रुंद आणि गुळगुळीत आहे की त्यावरून जाताना आपण कोकणात आहोत असा संशयही येत नाही. गावं पुलांखाली राहून गेली आहेत आणि वर फक्त गावांच्या पाट्या आहेत. कसालला मालवणचा रस्ता धरला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. लाल जांभ्याचे सडे (खडकाळ माळ), मोहोरलेल्या काजू, खाली भातशेतीचे रिकामे कुणगे (शेताचे तुकडे), आणि रस्ता सारखा वर जाऊन खाली येणारा. चढ लहान आहेत, पण एकही एकटा येत नाही. दिलीपच्या “गो, गो”ला खंड नव्हता.

एका काजूच्या बागेपाशी कुंपण बांधत असलेल्या आजोबांना मी विचारलं, फुडे चढ आसा काय. त्यांनी कोयता खाली ठेवला, सदरा नीट केला आणि ओरोसच्या जिल्हा कचेरीत साहेबासमोर उभं राहावं तसे उभे राहून म्हणाले, की आपण असेच सरळ जावे, पुढे किंचित चढण लागेल. एवढं शुद्ध मराठी मी पुण्यातही रोज ऐकत नाही. ती ‘किंचित’ चढण चढताना मी दोनदा खाली उतरले.

कट्टा नावाच्या गावात एका बाईंच्या खानावळीत जेवलो. मी हट्टाने मालवणीतच बोलत होते. बाई शुद्ध मराठीत वाढत होत्या. सोलकढीची दुसरी वाटी देताना मात्र त्यांना राहवलं नाही. कौतुकाने म्हणाल्या, “तुमची मालवणी छान आहे हो. नाटकात काम करता का?”

दिलीपला ठसका लागला. तो ठसका कुंभारमठ येईपर्यंत त्याला अधूनमधून लागत होता.

पण खरा कहर त्यानंतर झाला. दिलीपचे बूट सायकलच्या पेडलमध्ये खटकन अडकणारे आहेत. ते बूट काय मोलाचे आहेत हे तो कुणालाही थांबवून सांगतो. कुंभारमठच्या नाक्यावर बस आडवी आली, त्याने ब्रेक लावला, बूट सुटले नाहीत, आणि पाय पेडलला तसेच ठेवून तो सावकाश, डौलात, सायकलसकट गटारात आडवा झाला. नाक्यावरच्या पानपट्टीतून एक माणूस धावत आला. “लागला काय रे? ऊठ, हात दी.” त्याला उठवलं, पाठ झटकली, सायकल सरळ केली, आणि माझ्याकडे वळून अदबीने विचारलं, “मॅडम, आपल्याला पाणी हवं का?”

दिलीप पुढे कितीतरी वेळ धुसफुसत होता. अनोळखी माणूस मला अरे-तुरे करतो म्हणजे काय, वगैरे. सोलापूरकडचा हा गृहस्थ मालवणीतला एक शब्द न बोलता गटारातून ‘रे’ घेऊन बाहेर आला होता. मला इतका मत्सर वाटला की मालवण येईपर्यंत मी मुद्दाम त्याच्या पुढे सायकल हाणली.

मालवणात शिरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. समुद्र दिसला. मी हेल्मेट काढून हँडलला अडकवलं आणि किनाऱ्याला लागून असलेल्या अरुंद रस्त्याने पाण्याकडे बघत निघाले. पुढे रस्त्याच्या कडेला चटईवर काय वाळत घातलंय ते दिसलंच नाही. चाकाखाली करकर वाजलं, सायकल घसरली आणि मी सुंगटांच्या (वाळत घातलेल्या कोळंबीच्या) मधोमध बसले.

“गो, डोळे खंय ठेवलंस गो?” माडाखालून एक म्हातारी कंबरेला पदर खोचत आली. “सगळी सुंगटां चिरडलंस माझी.”

मी तशीच बसून राहिले. डोळे भरून आले आणि ते वाहू दिले.

म्हातारी अजूनच वैतागली. “रडतंस कित्याक गो? सुंगटां माझी गेली, तुझी नाय.”

मी मालवणीत माफी मागितली. तिने मला नीट पाहिलं आणि विचारलं, “कोणाचा चेडू गो तू?” कोणाची मुलगी, हा प्रश्न मला कित्येक वर्षांत कोणी केला नव्हता. मी आईचं नाव, माहेरचं आडनाव, गाव सगळं सांगितलं. आता ती ओळख काढणार, जवळ घेणार, असं मला वाटलं. तिने क्षणभर विचार केला. “माका म्हायत नाय. बरा, आता बस आणि येच. रेंव (वाळू) लागली ती येगळी ठेव.”

मी सुंगटं वेचत बसले. दिलीपही बूट काढून बसला. म्हातारी आम्हाला हात चालवायला सांगत होती, त्याला रे आणि मला गो.

परतताना सायकली पुन्हा गाडीला बांधल्या. दिलीपच्या मोबाईलवर सगळा प्रवास नकाशावर उमटला होता. किनाऱ्यापाशी रेघ बराच वेळ थांबलेली, आणि तिथे ‘विश्रांती’ असं लिहिलेलं. मी त्यात दुरुस्ती सुचवली नाही. गाडीत सुंगटांचा वास होता, आणि मी काचा उघडू दिल्या नाहीत. मला वाटतं, पाहुण्यांशी बोलायचं शुद्ध मराठी ही काचेच्या कपाटातली कपबशी आहे. ती घराबाहेरच्यांसाठी निघते. आपली गणना घरच्यांत व्हायची असेल, तर आधी काहीतरी फोडावं लागतं.

आता पुण्याजवळच्या टेकड्यांवर आमची सायकल पुन्हा सुरू झाली आहे. दिलीप अजून चढावर मागे वळून ओरडतो, “गो, गो!” आणि मी दरवेळी आधी चाकाखाली बघते.