सोळा किलो दोनशे

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींना मानणारी बाई नाय. आमच्या घरात देव्हारा नाय, उतारा नाय, लिंबू-मिरची नाय. सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून भिंतीला लावल्या, त्या अजून आहेत. लेकराला ताप आला तर आम्ही दवाखाना गाठायचो. अंगारा लावणाऱ्या बायांना मी तोंडावर हसायचे. तुमच्या ह्या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभवसुद्धा मी दोन वर्षं वाचतेय ते करमणूक म्हणून — वाईट वाटून घेऊ नका. पण एक गोष्ट माझ्याजवळ आहे, ती कुठंच लिहिलेली नाय. चुका होतील. मी दुसरी शिकलेली, पुढची अक्षरं औषधांच्या खोक्यांवरून शिकले.

आमच्या संभाजीनगरात मुकुंदवाडीला, मेन रोडच्या मागच्या गल्लीत दोन शटरचा दवाखाना होता. तिथं मी एकवीस वर्षं ‘मावशी’ होते. झाडून काढायचं, नंबर लावायचे, ड्रेसिंगचं सामान उकळायचं. पेशंट सगळे रोजचेच... सर्दी, खोकला, जुलाब, अ‍ॅसिडिटी, खरूज, कान फुटलेली लेकरं, कंपनीत बोट कापून आलेली पोरं, बीपी-शुगरवाल्या म्हाताऱ्या. मोठं काही असलं की डॉक्टरसाहेब चिठ्ठी देऊन पुढं पाठवायचे. पण मोठं आहे हे आधी कळायला पाहिजे ना. तिथंच माझं काम होतं.

आमच्याकडची पद्धत अशी, की पेशंटनं जुनी चिठ्ठी माझ्याकडं द्यायची, मी त्याला काट्यावर उभं करून वजन लिहायचं, मग चिठ्ठी आत. काटा दाराच्या मागं अडचणीत. सोमवारी गर्दी इतकी की पाय ठेवायला जागा नाय. चपला काढा, पिशवी खाली ठेवा, एकेकाला दोन-दोन मिनिटं... मी काय करायचे, लेकरांचं वजन बरोबर घ्यायचे, कारण त्यांचं औषध वजनावर असतं. मोठ्यांचं मागच्या चिठ्ठीवरचं बघून तेच लिहायचे. महिन्याभरात मोठ्या माणसाचं वजन काय बदलतंय? एकवीस वर्षांत कुणी विचारलं नाय.

चंद्रकला करमाडची. शेंद्र्याला एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायची. तिशीची असेल, नवऱ्यानं टाकलेली, मूलबाळ नाय, म्हाताऱ्या आईजवळ राहायची. दर महिन्याला यायची. खोकला जात नाय, संध्याकाळी कणकण येते, जेवण जात नाय. आमच्या तनूला — माझी नात, तेव्हा पाच वर्षांची — मी बालवाडी सुटली की दवाखान्यात आणून बसवायचे. सून वर्षा शिवणाच्या कारखान्यात जायची, लेक रिक्षावर. चंद्रकला आली की तनू पळत जाऊन तिच्या मांडीवर. ती तिच्यासाठी बिस्किटाचा पुडा आणायची, केसांच्या बारीक बारीक वेण्या घालून द्यायची. तास-तास बसायच्या दोघी तशा, नंबर येईपर्यंत. मला तेवढंच बरं, काम सुचायचं.

एकदा ती मला म्हणाली की झंपर सैल व्हायलेत, दोनदा शिवण घातली. मी म्हटलं, हिरॉइन व्हायची का आता. बाकावरच्या बाया हसल्या. तीपण हसली आणि हसता हसता खोकली.

आत डॉक्टरसाहेबांनी चिठ्ठी बघितली. म्हणाले, बाई, वजन तर बेचाळीसच आहे की, मनाचं घेऊ नका. खोकल्याचं औषध, ताकदीच्या गोळ्या. असं पाच वेळा झालं. पाचही चिठ्ठ्यांवर बेचाळीस. बेचाळीस माझ्या अक्षरात.

शेवटच्या वेळी ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मावशी, आज तरी मला काट्यावर घ्या ना.”

मी म्हटलं, “काटा काय पळून चाललाय? बस खाली.”

ती बसली. तनू तिच्या मांडीवर चढली.

आठ दिवसांनी तिला रक्ताची उलटी झाली. मोठ्या दवाखान्यात नेली, तिसऱ्या दिवशी गेली. टीबी होता. सहा महिने गोळ्या खाल्ल्या असत्या तर पोरगी आज चपात्या लाटत असती. इतका साधा आजार, फुकट औषध मिळतं त्याला.

महिन्यानं तिची आई आली. गर्दीत नंबर लावून बसली, सगळे गेले तरी उठली नाय. शेवटी आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतल्या पाच चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. मी दारातच होते.

“साहेब, मला वाचता येत नाय,” म्हातारी म्हणाली. “लेक म्हणायची मी वाळत चालले. तुम्ही म्हणायचे, नाय. ह्याच्यावर काय लिव्हलंय ते वाचा.”

डॉक्टरसाहेबांनी वाचलं. पाच वेळा तेच वाचलं.

“मग खोटं कोण बोललं? माझी लेक, का तुमचा कागद?”

ते म्हणाले, काटा खराब असेल, आजी. मी ऐकलं. माझ्या हातात पोछा होता, मी फरशी पुसायला लागले. पुसलेलीच फरशी पुन्हा पुसली. म्हातारी जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली, म्हणाली, तुम्ही लई जीव लावला तिला, ती सांगायची.

पुढच्या आठवड्यात जुना काटा भंगारात गेला. चांगला होता तो. नवा आला, बॅटरीचा, लाल आकड्यांचा.

आता इथून पुढचं मला कळत नाय, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

त्या उन्हाळ्यात तनूला ताप यायला लागला. नव्या काट्यावर उभी केली तर सोळा किलो दोनशे. औषध दिलं, ताप उतरला, परत आला. जेवेना. पंधरा दिवसांनी वजन सोळा किलो दोनशे. महिन्यानं सोळा किलो दोनशे. डॉक्टरसाहेब म्हणाले, वजन टिकून आहे, काळजीचं कारण नाय, उन्हाळ्यात लेकरं खात नाहीत.

पण फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागला. हातातली बांगडी कोपराच्या वर सरकायला लागली. मी एक दिवस तिला कडेवर घेतली... रिकामं सूप उचलावं तशी आली ती वर. मी एकवीस वर्षं लेकरं काट्यावर उचलून ठेवलेली बाई. माझ्या हाताला किलो-अर्धा किलो कळतो. ही सोळा नव्हती.

मी तिला अंगणवाडीत नेलं. सोळा दोनशे. मेडिकलवाल्याकडं नेलं. सोळा दोनशे. वाण्याच्या धान्याच्या काट्यावर बसवलं, वाणी म्हणाला, मावशी, किलोचा भाव काय लावायचा, आणि हसला. सोळा दोनशे. मग मी त्याच्याकडची आट्याची पाच किलोची पिशवी तनूच्या मांडीवर ठेवली.

सोळा किलो दोनशे.

वाण्याचं हसू गेलं. त्यानं पिशवी उचलून एकटी ठेवली, पाच किलो बरोबर. परत तनूच्या मांडीवर ठेवली, सोळा दोनशे. त्यानं काटा बंद करून चालू केला. मग म्हणाला, घेऊन जा लेकराला घरी.

मी घरी नाय गेले. तशीच दवाखान्यात गेले, चालू पेशंट बाहेर काढला आणि डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. चंद्रकलाच्या चिठ्ठ्यांचं. पाच बेचाळीसचं. एकवीस वर्षांचं. ते उठले, तनूला काट्यावर उभी केली, स्वतःची जाड बॅग तिच्या हातात दिली. आकडा हलला नाय.

मग मला म्हणाले, “तुम्ही उचला. किती वाटते?”

मी उचलली. “तेरा.”

त्यांनी चिठ्ठीवर तेरा लिहिलं. छातीचा फोटो काढला, तपासण्या झाल्या, गाठी निघाल्या. टीबीच. सरकारी केंद्रातून गोळ्या सुरू झाल्या, माझ्या हातानं सांगितलेल्या तेरावर. मला डॉक्टरसाहेब एवढंच म्हणाले, उद्यापासून येऊ नका. त्यांचं काही चुकलं नाय.

केंद्रातून बाई घरी आली. लेकराच्या जवळपास खोकणारं मोठं माणूस कोण होतं, विचारायला लागली. घरात सगळे तपासले, कुणालाच नाय. मग मला चंद्रकलाचं सांगावं लागलं. वर्षा चहा गाळत होती. ती म्हणाली, चार-पाच महिने ती बाई तुमच्या दवाखान्यात येत होती, तर तिचा आजार कळला कसा नाय? तेपण सांगितलं. केंद्रातली बाई गेल्यावर वर्षानं गॅस बंद केला. भांडली नाय. आवाजसुद्धा चढवला नाय.

“आत्या, आजपासून तनूला तुम्ही घ्यायचं नाय.”

लेक खाली मान घालून बसला.

पण दर महिन्याला केंद्रात वजन विचारायचे, आणि काटा तर कुठलाही घ्या, सोळा दोनशे. त्या बाईनं तीन काटे बदलले. तेव्हा वर्षानं मला आतून बोलावलं. “उचला.” मी उचलली. “किती?” साडेतेरा, म्हटलं. “ठेवा खाली.” मी ठेवली. पुढच्या महिन्यात चौदा. मग पंधरा. तनू मला बिलगायला बघायची, वर्षा तिचा हात धरून बाजूला घ्यायची.

पोरगी बरी झाली. आता नऊ वर्षांची आहे, गाल भरलेत, माझ्या खांद्याला लागते. शाळेतल्या तपासणीत अजून सोळा किलो दोनशे येतं, दरवर्षी बाई चिठ्ठी पाठवतात की मशीन बिघडली होती, वजन घरून लिहून द्या. आजार कुठून आला ते मला चांगलं कळतं, त्यात भूत नाय, मी आहे. काट्याचं कळत नाय. चंद्रकलानं केलं म्हणावं, तर तिचा जीव होता हो त्या पोरीवर... ती कशाला करेल? आणि तिनं नाय तर कुणी? भिंतीवरच्या प्रतिज्ञा मी रोज वाचते. तिथं याचं उत्तर नाय. तुमच्यात कुणी शिकलेलं असेल तर सांगा.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी वर्षा तनूला माझ्यासमोर उभी करते. “उचला.” मी उचलते. किती ते सांगते, ती कॅलेंडरवर लिहिते. पोरीला परत कधी उतरण लागली तर आम्हाला तेवढ्यावरूनच कळणार आहे.

मी सदुसष्टची झाले. वर्षभरापासून माझे हात कापतात, भरलेली कळशीसुद्धा उचलत नाय. तनू दर महिन्याला जड लागते. ती वाढली म्हणून जड लागते, का माझे हात गेले म्हणून, हे मला आता सांगता येत नाय. ती वाळत असली तरी मला जडच लागेल.

हे वर्षाला सांगायला पाहिजे. सांगितलं की ती मला उचलायला लावायची नाय. आणि पोरगी माझ्या अंगाला लागते ती महिन्यातून तेवढीच.

या रविवारी सव्वीस सांगितलं.