मिटल्या डोळ्यातली चमक

दहा एप्रिल. मोहफुलं वाळत घातली की त्या वासाने ती जुनी पहाट आठवते. जाऊ आणि मी जंगलात फुलं वेचत होतो. डोळ्यापुढे तरंगणारा एक काळा धागा माझ्या सवयीचा होता. त्या दिवशी अचानक काळ्या ठिपक्यांचा चिलटांसारखा थवाच उठला आणि डावीकडच्या झुडपात काहीतरी लखलखलं. "वाघ!" मी कुजबुजले. आम्ही पाठीला पाठ लावून उभ्या राहिलो. "कुठी? मले तं काईच दिसून नाई राह्यलं, बाई." मी डोळे मिटले, तरी ते चमकतच होतं; म्हणजे ते झुडपात नव्हतं, माझ्या डोळ्यातच होतं. जाऊ घाबरली, "रानातलं असन काई. नारळ फोड." डोळ्याच्या आतल्या पडद्याला पडलेली चीर डॉक्टरांना वेळेत सापडली, म्हणून आज दोन्ही डोळ्यांनी फुलं निवडते आहे. नारळ मी फोडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रपूरची पहिली एसटी धरली.