याद्यांच्या दिवशी वाचलेली दुसरी यादी

माझ्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं, त्याला एक हॉकीचा संघ कारणीभूत होता, असं मी लोकांना सांगतो. ते खरं नाही. कारणीभूत मी होतो. संघाला बिचाऱ्याला यातलं काहीच माहीत नाही.

संघाचं नाव ठाणे तुफान. हॉकीच्या व्यावसायिक लीगमध्ये तो दरवर्षी शेवटून पहिला येतो. (एकदा शेवटून दुसरा आलेला, पण त्या वर्षी एका संघाने मधूनच माघार घेतलेली.) डोंबिवलीत आमच्या सोसायटीत चौऱ्याऐंशी बिऱ्हाडं आहेत आणि तुफानचा चाहता एकच. शाळेत मी दोन वर्षं हॉकीच्या संघात होतो. दोन वर्षांत मैदानात एकदाच उतरलो, तेही खेळाडूंसाठी पाणी घेऊन. पण जो खेळ बाहेर बसून बघतो त्यालाच तो खरा कळतो, असं माझं तेव्हापासून ठाम मत झालेलं.

नोकरी ठाण्याला, एका सरकारी कचेरीत हेड क्लार्कची. आयुष्यभर टिपण्या लिहून हाताला तसं वळण लागलंय. त्यामुळे तुफान सलग आठ सामने हरलं, तेव्हा इतर चाहते जिथे शिव्या देतात तिथे मी टिपणी लिहायला घेतली. संघाची पुनर्बांधणी कशी करावी, कोणाला ठेवावं, कोणाला घालवावं, सगळं क्रमवार.

आता नेमकं त्याच महिन्यात आमच्या ऋतुजाचं लग्न ठरत होतं. मुलगा निखिल, खडवलीचा, ठाण्यात इंजिनिअर. घरात बोलणी लग्नाची, डोक्यात हॉकी, त्यामुळे खेळाडूंना टोपणनावं सुचली तीही तसलीच. सेंटर हाफला खेळणारा सगळ्यात वयस्कर खेळाडू, त्याचं नाव मी ठेवलं ‘काका’. उजवीकडून खेळणारा एक देखणा पोरगा सारखा केसच सावरायचा, तो ‘नवरदेव’. आणि प्रशिक्षक कशावरच खूश नसायचा, बाजूला हाताची घडी घालून उभा असायचा, म्हणून ती ‘विहीणबाई’.

इथपर्यंत सगळं माझ्यापुरतं होतं. पण लग्नाच्या कामांची यादीही मीच लिहीत होतो आणि घरात कोरी वही एकच होती.

“अहो, लग्नाच्या वहीत ते हॉकीचं कशाला लिहिताय?” मंगल म्हणाली. मंगल म्हणजे माझी बायको.

“पुढची पानं लग्नाची, मधली तुफानची. अगदी वेगवेगळी ठेवलीयत.”

“आणि गोंधळ झाला तर?”

“मंगल, मी हेड क्लार्क आहे,” मी म्हणालो. हे वाक्य मी आता कुठेच वापरत नाही.

याद्या करायला मंडळी रविवारी सकाळी आली. निखिलचे वडील शाळेत मास्तर होते, त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. त्यांच्याबरोबर निखिलची आई, निखिल आणि गुरुजींचे धाकटे भाऊ वसंतकाका. वसंतकाका खोपटच्या डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले, जिना चढून आले ते दारातच जरा टेकले. “तिसरा मजला म्हणजे कसारा घाटच की, साहेब,” म्हणाले आणि हसले. मला माणूस लगेच आवडला.

पोहे झाले. गुरुजींनी चष्मा लावला आणि म्हणाले, “यादी तुमच्याकडे तयार आहे ना? आधी वाचून घेऊ. काही कमीजास्त असेल तर आत्ताच बोललेलं बरं.”

मी वही त्यांच्या हातात दिली आणि चहा आणायला आत गेलो. (पाहुण्यांसमोर जावईबापूंना सासरा कामसू दिसावा, ही मंगलची कल्पना.) वहीत खूण म्हणून मी पेन घालून ठेवलेलं. आदल्या दिवशी मी ज्या पानावर लिहीत होतो, त्या पानावर.

गुरुजींनी तेच पान उघडलं. मास्तर असल्यामुळे वाचन खणखणीत, एकेक स्वल्पविराम ऐकू येईल असं.

“बदल करावयाची मंडळी,” त्यांनी मथळा वाचला. “एक. विहीणबाई. कशावरही समाधान नाही, चेहरा कायम आंबट. हिच्या धाकामुळे बाकीचे मोकळेपणी वागत नाहीत. दुसरी चांगली मिळत असल्यास बघावे.”

मी स्वयंपाकघरात कप मांडत होतो. खरं सांगतो, पहिल्या क्षणाला मला एवढंच वाटलं, की भाषा काय सरळ आहे, कोणी लिहिलंय? दुसऱ्या क्षणाला आठवलं कोणी लिहिलंय.

ट्रे घेऊन मी दारात आलो तोवर गुरुजी पुढे गेलेले. त्यांना थांबता येत नव्हतं. समोर आलेला मजकूर शेवटपर्यंत वाचायचा, ही त्यांची जन्माची सवय.

“दोन. नवरदेव. दिसायला बरा, पण उपयोग शून्य. जबाबदारी अंगावर आली की दुसरीकडे बघतो. याला घेऊन आपण फसलो, हे आता मान्य करावे.”

निखिलचा हात आपोआप केसांकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. त्याची आई खिडकीबाहेर बघत होती. चेहरा आंबट नव्हता, पण होत चाललेला. मंगल माझ्याकडे बघत होती. ऋतुजा नुसतं “बाबा” एवढंच म्हणाली, इतक्या हळू, की त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी बोलायला तोंड उघडलं, पण हातात सात कप होते आणि ते सगळे वाजायला लागलेले.

“तीन. काका. वय झाले, गुडघे गेले. आता यांचा काही उपयोग नाही. जागा अडवून बसले आहेत. मानाने निरोप द्यावा.”

गुरुजींनी वही मिटली. चष्मा काढला.

“हे हॉकीचं आहे,” मी म्हणालो.

“काय?”

“हॉकीचं. ठाणे तुफान म्हणून संघ आहे. त्यातले खेळाडू आहेत हे. विहीणबाई म्हणजे त्यांचा कोच. पुरुष आहे तो.”

गुरुजींनी माझ्याकडे, नापास विद्यार्थी आजीच्या मरणाचं कारण सांगतो तेव्हा बघावं, तसं बघितलं. “डोंबिवलीत हॉकी?” एवढंच विचारलं.

“खरंय ते,” मंगल म्हणाली. तिचा आवाज रडवेला झालेला. “इतकं लाजिरवाणं आहे, की खरं नसतं तर मी सांगितलंही नसतं. पण खरंय. आमच्याकडे हे असंच चालतं.”

ऋतुजाने मोबाइलवर संघाचे फोटो शोधून एकेक दाखवले. निखिलने त्या देखण्या पोराचा फोटो बराच वेळ बघितला. “हा नवरदेव?”

“हो.”

“ठीकय. बरा दिसतो की,” तो म्हणाला, आणि आधी ऋतुजा हसली, मग निखिलची आई. गुरुजीही मिशीत हसले. मला वाटलं, सुटलो. ट्रे खाली ठेवला.

वसंतकाका हसले नव्हते.

“आणि तो काका? वय काय त्याचं?” त्यांनी विचारलं.

“सदतीस.”

“सदतीस,” ते म्हणाले. चहाचा कप उचलला, परत ठेवला. “मी बावन्नचा होतो. गुडघे तपासणीत नापास झाले, म्हणून गाडीवरून उतरवलं. चौकशीच्या खिडकीत बसवलं. त्यांचं काही चुकलं नाही, गाडीत पन्नास माणसं असतात. पण खिडकीत बसलो की बाहेरून माझीच गाडी जायची. तुमचं ते ‘जागा अडवून बसले’ ऐकलं ना, साहेब, तेव्हा वाटलं, अरे, हे यांना कोणी सांगितलं?”

ते हे रागाने म्हणाले असते तर मी माफी तरी मागितली असती. ते साधं सांगत होते. मी बसायला खुर्ची शोधली आणि खुर्चीच्या काठावर, म्हणजे जवळजवळ बाहेरच, बसलो. ज्या माणसाचा मी कधी चेहराही नीट बघितला नव्हता, त्याला मी तीन ओळींत घरी पाठवलेलं. आणि लिहिताना, हे सांगायला जास्त लाज वाटते, मला मजा आलेली.

“मी फाडतो ते पान,” मी म्हणालो.

“फाडू नका. त्याची मॅच कधी असते?”

मॅच त्याच दुपारी होती. (मला ते माहीत होतं. खरं तर याद्या सकाळी ठेवण्याचा आग्रह माझा त्याचसाठी होता, पण हे मंगलला अजून माहीत नाही.) लग्नाची खरी यादी वाचून झाली, जेवणं झाली आणि सगळे टीव्हीसमोर बसले. वसंतकाकांनी आयुष्यात हॉकीची मॅच बघितली नव्हती. पाय स्टुलावर ठेवून ते फक्त सेंटर हाफकडे बघत होते. मी त्यांना नियम समजावत होतो. दहा मिनिटांनी त्यांनी मला हाताने थांबवलं.

“याचा काही उपयोग नाही, असं लिहिलंय ना तुम्ही?”

“बघताय ना. बाकीचे पळतायत, हा उभा.”

“उभा आहे, पण बॉल त्याच्याकडेच येतोय. दर वेळी. तो आधीच जाऊन थांबलेला असतो, साहेब. नवा ड्रायव्हर बघा, घाटात सारखा ब्रेकवर उभा. जुना माणूस वळणाच्या आधीच गिअर बदलतो, आत बसलेल्याला कळतही नाही.”

मी बघितलं. तीन वर्षं मी त्या खेळाडूला बघत होतो आणि पहिल्यांदाच बघितलं. तो खरंच आधीच तिथे असायचा. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत एक-एक अशी बरोबरी होती. मग प्रशिक्षकाने त्याला बाहेर बसवलं, जागी एक तरुण, सुसाट पळणारा पोरगा आला (माझ्या टिपणीत त्याची शिफारस होती), आणि पंधरा मिनिटांत आपल्यावर तीन गोल झाले.

गुरुजींनी फक्त टेबलावरच्या वहीकडे बघितलं. मी टीव्ही बंद केला.

जाताना मी वसंतकाकांना हात देऊन जिना उतरवला. प्रत्येक पायरीला काहीतरी बोलावं असं वाटत होतं. तळमजल्यावर आल्यावर एकदाचं म्हणालो, “काका, चुकलं माझं.”

“लग्नात मला पहिल्या पंगतीला बसवा,” ते म्हणाले. “मागे ताटकळत उभं राहवत नाही.”

लग्न नीट झालं. काकांना पहिल्या पंगतीला बसवलं, आणि मी स्वतः वाढायला उभा राहिलो. विहीणबाईंना काही कमी पडू नये म्हणून इतक्या वेळा विचारलं, की शेवटी त्यांचा चेहरा खरोखर आंबट झाला.

पुढच्या हंगामाच्या आधी, याद्यांना सात महिने झालेले तेव्हा, बातमी आली. तुफानने सेंटर हाफला संघातून काढलं. पत्रकात लिहिलेलं, वय आणि दुखापती लक्षात घेता त्यांना सन्मानाने निरोप देत आहोत. मी ते दोनदा वाचलं. जवळजवळ माझेच शब्द. मी ती टिपणी कोणालाही पाठवली नव्हती, पण खडवलीत हे कोणाला पटणार? दोन दिवस मी निखिलचाही फोन टाळला. तिसऱ्या दिवशी धीर करून वसंतकाकांना फोन लावला.

“काका, बातमी वाचली असेल. पण शपथेवर सांगतो, मी पाठवलं नव्हतं ते.”

“माहितेय मला,” ते लगेच म्हणाले. “घरात सगळे म्हणत होते, साहेबांनीच केलं. मी म्हटलं, वेडे आहात का. सरकारी माणूस तो. सात महिन्यांत त्याच्या हातून काम होईल?”

नोकरीत आजवर दिरंगाईबद्दल मला दोन मेमो मिळालेत. त्याच दिरंगाईवर मी निर्दोष सुटलो, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ मला तिचा अभिमान वाटत होता.