चँडलरचा कानटोपीवाला

साताऱ्याहून निघायच्या आधी महिनाभर आमच्याकडे जो येई तो अमेरिकेतल्या गुन्हेगारीबद्दल दोन गोष्टी सांगून जाई. मंगळसूत्र घरीच ठेवा. रस्त्यात कोणी वेळ विचारली तरी थांबू नका. तिथे भाजीवाल्याकडेसुद्धा पिस्तूल असतं. यातले बरेचसे लोक महाबळेश्वरच्या पलीकडे गेलेले नव्हते, पण ऐकून ऐकून मी घाबरलेच. मी मंगळसूत्र एका कापडी पाकिटात घालून ते परकराच्या आत शिवून टाकलं. मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या यंत्राने ते शोधून काढलं आणि तिथल्या बाईंनी मला आडोशाला नेऊन उसवायला लावलं. प्रवासाची सुरुवात अशी झाली.

माझे यजमान, ज्यांना आमची मुलगीसुद्धा नानाच म्हणते, त्यांना कसलीच भीती नव्हती. पाटबंधारे खात्यात त्यांची नोकरी रानावनात मोजणी करण्यात गेली. जिथे जातील तिथे आपलंच गाव आहे अशा थाटात ते वावरतात. हा त्यांचा गुण आहे असं मी बरीच वर्षं समजत होते.

मुग्धा, तिचा नवरा चिन्मय आणि आमची नात आर्या अमेरिकेत फिनिक्सजवळच्या चँडलरला राहतात. फिनिक्सला उतरून गाडीने जाताना दोन्ही बाजूंना तपकिरी, कोरडे डोंगर दिसले आणि मला माण-खटावची आठवण झाली. वसाहतीत शिरलो तर काय, घरांना कंपाउंडच नाही. पुढच्या अंगणात बारीक खडी पसरलेली, त्यात निवडुंग आणि फुलझाडं लावलेली, आणि अंगण सरळ फुटपाथला मिळालेलं. खिडक्यांना गज नाहीत. पुरुषभर उंचीच्या काचा, हाताने फुटतील अशा. शेजाऱ्याच्या दारात दोन खोकी पडली होती.

"अगं, त्यांचं सामान बाहेर राहिलंय," मी म्हटलं.

"पार्सल आहे आई. ते ऑफिसमधून आले की उचलतील. इथे कोणी हात लावत नाही," मुग्धा म्हणाली.

पहिले काही दिवस मी ती खोकी खिडकीतून बघत बसायचे. खरंच कोणी हात लावला नाही. मंगळसूत्र गळ्यात आलं. सातारच्या मंडळींना मी फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, गजाशिवाय खिडकी. मला गाढ झोप लागू लागली.

पहिल्या रविवारी चिन्मयने आम्हाला वाळवंट दाखवायला नेलं. तिथे दोन माणसांएवढे उंच निवडुंग हात वर करून उभे असतात आणि ते दीड-दोनशे वर्षं जगतात म्हणे. मी एका लहानशा, मऊ दिसणाऱ्या निवडुंगाच्या जरा जवळून गेले, तर त्याचा एक गोळाच तुटून माझ्या ओढणीला आणि तिच्यातून दंडाला चिकटला. चिन्मयने खिशातून कंगवा काढला आणि एका झटक्यात तो उपसून टाकला. इथले लोक वाळवंटात जाताना कंगवा घेऊनच जातात. परतताना एका टपरीवजा गाडीवर आम्ही मक्याच्या पोळीत गुंडाळलेल्या चवळीसारख्या उसळीचं जेवण जेवलो. ती पोळी आपल्या भाकरीची लांबची बहीणच. नानांनी तीन खाल्ल्या आणि ताक मागितलं. ते काही मिळालं नाही.

आमचे दिवस असे छान चालले होते. मार्चमधल्या पहाटेला तिथे चांगला गारवा असतो. नाना पाचला उठत, कानटोपी चढवत आणि फिरायला जात. येताना देवाला फुलं आणत. मग चहा झाला की आम्ही दोघं वसाहतीमागच्या कालव्यावर एक फेरी मारत. मुग्धाने देव किराणा ठेवायच्या कपाटातल्या वरच्या फळीवर बसवले आहेत. तिथे रोज लाल जास्वंद, गुलाबी कण्हेर आणि कसली तरी पिवळी घंटीसारखी फुलं दिसू लागली. मुग्धाला वाटलं, कालव्याकाठच्या बागेतली असतील. चिन्मयला वाटलं, मुग्धाने दुकानातून आणली. मी नानांना ओळखते, मला कळायला हवं होतं. पण परदेशात आल्यावर माणूस थोडा तरी बदलेल, अशी माझी समजूत होती.

आपल्याकडे पहाटे फुलं तोडणाऱ्यांची एक जमात असते. तिचा नियम एवढाच, की कुंपणाबाहेर आलेली फांदी देवाची. घरमालक कुरकुरतो, फुलं नेणारा ऐकू न आल्यासारखं करतो, आणि दोघंही त्यातच म्हातारे होतात. चँडलरमध्ये तर कुंपणच नव्हतं. नानांच्या हिशोबाने म्हणजे सगळ्याच फांद्या बाहेर.

शनिवारी सकाळी आम्ही पोहे खात होतो. मुग्धा फोन बघत होती. वसाहतीतल्या लोकांचा एक ग्रुप आहे, त्यावर हरवलेल्या मांजरापासून फुटलेल्या पाइपपर्यंत सगळं येतं.

"नाना, तुम्ही दोघं काही दिवस सकाळी बाहेर पडू नका हं," ती म्हणाली. "पलीकडच्या गल्लीत एक माणूस फिरतोय. डोकं, तोंड झाकलेलं आहे, हातात लोखंडी हुक आहे. खिडक्यांपाशी जाऊन बघतोय. घरं हेरत असणार, असं लिहिलंय."

"म्हणून तर मी काठी नेतो," नाना म्हणाले.

मुग्धाने व्हिडिओ लावला. तिकडे दारावरच्या बेललाच कॅमेरा असतो. करड्या उजेडात एक आकृती खिडकीखाली आली, तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि टोकाला वाकडी तार असलेली काठी वर उचलली. चेहऱ्याचे फक्त डोळे दिसत होते.

आर्या चमचा तसाच धरून मान वाकडी करून बघत होती. "दॅट्स नाना," ती म्हणाली.

नानांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि नीट पाहिलं. "मीच आहे," ते म्हणाले. "आकडी नीट दिसत नाही यात." ती आकडी त्यांनी चिन्मयच्या गॅरेजमधल्या झाडूचा दांडा आणि कपड्यांच्या हँगरची तार वापरून केली होती, हेही तेव्हाच समजलं.

मला हसू फुटणार होतं, पण मुग्धाचा चेहरा बघून ते गळ्यातच राहिलं. ती खालच्या प्रतिक्रिया वाचत होती. एकाने लिहिलं होतं, पोलिसांना कळवलंय. दुसऱ्याने लिहिलं होतं, माझं पिस्तूल उशाशी असतं, माझ्या अंगणात आला तर मी पोलिसांची वाट बघणार नाही.

"नाना, इथे घाबरलेला माणूस आधी विचारत नाही," मुग्धा म्हणाली आणि रडायला लागली. "तुम्ही रोज तिथून जात होता."

आपल्याला इथे कोण काय करेल, या भीतीने मी साताऱ्याहून निघाले होते. आमची कोणाला भीती वाटेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

चिन्मय नागपूरचा, एरवी फार शांत. तोही उठून येरझाऱ्या घालू लागला. "यार, माझं व्हिसा रिन्युअल चालू आहे. पोलीस घरी आले तर काय सांगायचं? आपण कोणालाच काही नाही सांगायचं. ती टोपी फेका, काठी फेका, उद्यापासून वॉक बंद. विषय क्लोज."

नानांनी उठून कानटोपी आणली आणि टेबलावर ठेवली.

चिन्मयचं बोलणं मला आधी पटलं होतं. पण पोह्यांच्या बशा उचलताना मनात आलं, की कालव्यावर सकाळी आम्हाला किती तरी आपल्यासारखी माणसं भेटत. कोणी हैदराबादचे, कोणी नाशिकचे, मुलांकडे आलेले आईबाप, सगळ्यांना थंडी वाजते आणि सगळ्यांच्या डोक्याला कानटोपी. नाना घरात बसतील. त्या पिस्तूलवाल्याच्या अंगणासमोरून उद्या दुसरा कोणी म्हातारा बुटाची नाडी बांधायला वाकला तर?

मी हे बोलून दाखवलं. चिन्मय खाली बसला.

"जिच्या दारातला व्हिडिओ आहे तिच्याकडे आपण आत्ता जायचं," मी म्हटलं. "सगळ्यांनी नको. मुग्धा, नाना आणि मी."

निघताना नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आणि कानटोपी व आकडी मी मुद्दाम बरोबर घ्यायला लावली. डब्यात रव्याचे लाडू होते ते घेतले. रिकाम्या हाताने कबुली द्यायला जाणं मला बरं वाटेना. त्या गल्लीत पोचेपर्यंत मुग्धाने माझा हात सोडला नाही. कॉलेजच्या निकालाला जातानाही तिने माझा हात धरला नव्हता.

दार उघडलं नाही, बेलच बोलली. बाईचा आवाज होता, म्हातारा आणि कडक. काय पाहिजे, असं विचारत होता. मुग्धाने बेलकडे तोंड करून सांगितलं, की मी पलीकडच्या गल्लीत राहते, हे माझे आईवडील आहेत, आणि व्हिडिओतला माणूस हे माझे वडील आहेत, ते फुलं नेत होते. मग आत काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला, साखळी लावलेलं दार चार बोटं उघडलं आणि त्या फटीतून एक निळा डोळा नानांना वरपासून खालपर्यंत बघू लागला.

नानांनी कानटोपी घालून दाखवली, मग काढली. "आय ॲम एक्स्ट्रीमली सॉरी, मॅडम," ते म्हणाले. "धिस इज अवर बॅड हॅबिट."

साखळी निघाली. तिचं नाव डोना. चाकांच्या वॉकरचा आधार घेऊन चालणारी, ऐंशीच्या पुढची बाई. दाराशी स्वयंपाकघरातली खुर्ची होती, रात्री ती दाराला लावून ठेवत होती. आठवडाभर नीट झोपलेली नव्हती. एकदा तर पहाटे खिडकीखाली खडीवर पावलं वाजली तेव्हा फोन घेऊन न्हाणीघरात जाऊन बसली होती. नवरा गेल्या वर्षी वारला, ती जास्वंद त्यानेच लावली होती. हे सगळं ती आमच्यावर न रागावता सांगत होती आणि तेच ऐकवत नव्हतं. नानांचे डोळे भरून आले. आपल्या पावलांनी कोणी न्हाणीघरात लपावं, हे त्यांना सहन होईना.

"कशाला हवी होती फुलं?" तिने विचारलं.

"फॉर गॉड," नाना म्हणाले.

"आणि देवाला चोरलेली चालतात?"

नाना हातातली कानटोपी उलटसुलट करू लागले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना कोणी असं अडवलं असावं. मला हसू आलं, मुग्धाला आलं, आणि मग डोनाबाईही हसू लागल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि फोन उचलला. मुग्धा उठून उभी राहिली. बाई पोलिसांशी बोलत होत्या. माणूस सापडला, तो माझ्या दिवाणखान्यात बसलाय, फुलांसाठी आला होता, आता कोणाला पाठवू नका. पलीकडचा अधिकारी इतका हसला, की आम्हाला ऐकू आलं. केस नाही, चौकशी नाही. मग त्यांनी ग्रुपवर स्वतः लिहिलं, की तो कानटोपीवाला माझा पाहुणा आहे, फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना घाबरू नका आणि पिस्तुलं कपाटात ठेवा.

घरी आलो तर चिन्मय दारातच उभा होता. त्याला सांगितल्यावर त्याने नानांना मिठीच मारली. त्या दिवशी दुपारी आम्ही सगळे जे झोपलो, ते दिवेलागणीलाच उठलो.

त्यानंतर निघेपर्यंत नाना रोज ऊन पडल्यावर तिथे जात आणि बेल वाजवत. डोनाबाई त्यांना कात्री देत, कारण फूल ओरबाडलेलं त्यांना चालत नसे. कधी कधी मीही जाई. रव्याचे लाडू त्यांना फार गोड लागले, ते त्यांनी कॉफीत बुडवून खाल्ले. ग्रुपवरच्या पिस्तूलवाल्याला आम्ही शेवटपर्यंत पाहिलं नाही. कोण जाणे, रस्त्यात हात हलवून गुड मॉर्निंग म्हणणाऱ्यांपैकीच एखादा असेल.

साताऱ्याला परतलो. दुसऱ्या दिवशी नाना उजाडल्यावर बाहेर पडले, आणि मी फाटकात उभी राहून बघत होते. समोर शरयूताई एकट्या राहतात, त्यांच्या अनंताची फुलं नाना कायम नेतात. या वेळी त्यांनी फाटक न उघडता बेल वाजवली. शरयूताई धडपडत बाहेर आल्या.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही. फुलं घेऊ का, म्हणून विचारतोय."

"इतकी वर्षं विचारलं नाहीत, आज कशाला विचारताय? छातीत धडकी भरली माझ्या," त्या म्हणाल्या. मग कठड्याला टेकून जरा शांत झाल्या. "रोज तुम्ही फाटकाची कडी काढता, ती ऐकू आली की मला बरं वाटतं. आहे कोणी तरी जागं, म्हणून परत डोळा लागतो. तुम्ही नव्हता तर पहाटे उठून दार बघत होते. लागलंय का, नाही लागलं."

मी ते ऐकलं आणि घरात येऊन मुग्धाला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. पोचलो, सामान आलं, सगळं सांगून झालं. मग म्हटलं, आता सकाळी डोनाबाईंकडे कोण जातं?

"कोण जाणार आई? नाना तर तिकडे आले. आणि मला सकाळी मीटिंग असते."

"मीटिंगच्या आधी जा. आर्याला घेऊन जा," मी म्हटलं. "फुलं नाही आणलीस तरी चालेल. नुसती बेल वाजव."